निघाला की बुजला

थांबाताई वयाच्या विसाव्या वर्षी भिंगांच्या कारखान्यात कामाला लागल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या आणि एकाहत्तराव्या वर्षी अल्पशा आजाराने राहत्या घरी वारल्या. त्यांचे हे नाव घासणी विभागाने ठेवलेले होते. काच चाकाला लावण्यापूर्वी, चाकावरून उतरवण्यापूर्वी, मोजण्यापूर्वी आणि मोजून झाल्यावर आकडा सांगण्यापूर्वी त्या "थांबा" म्हणत. हाताच्या उबेने काच किंचित फुगते, आणि फुगलेली काच खोटे बोलते. तिला निवू दिल्याशिवाय तिच्याकडून खरे काढून घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. थट्टेने ठेवलेले नाव पुढे घरीदारी रूढ झाले आणि त्यांनीही ते निमूटपणे अंगाला लावून घेतले.

त्यांचे यजमान त्याच कारखान्यात, भिंतीपलीकडच्या पॉलिश विभागात होते. त्यांना सगळे गुळगुळीतराव म्हणत, आणि ते केवळ कामावरून नव्हे. त्यांचे बोलणे इतके मऊ असे की त्यांनी दिलेला नकार समोरच्याला चहाच्या सुट्टीपर्यंत कळत नसे. थांबाताईंनी घासलेली धुरकट काच भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडे जाई आणि लख्ख होऊन अलीकडे येई. "मी आंधळी पाठवते, हे डोळस करून परत पाठवतात," असे थांबाताई म्हणत. "आंधळी पाठवतेस ते ठीक, लंगडी पाठवू नकोस म्हणजे झालं," असे गुळगुळीतराव पलीकडून उत्तर देत. मधल्या भिंतीमुळे हा संवाद दोन्ही विभागांना फुकटात ऐकायला मिळे.

घासणी विभागाच्या प्रमुख झाल्यावर थांबाताईंनी एक शब्द हद्दपार केला. ओरखडा "गेला" असे कोणी म्हणायचे नाही. चुकून कोणी म्हटलेच, तर त्या हातातले काम खाली ठेवून विचारत, "गेला म्हणजे कुठे गेला? माहेरी गेला, की पेन्शनीत गेला?" विभागात दोनच शब्द चालत: निघाला आणि बुजला.

या दोन शब्दांतला फरक समजल्यावाचून पुढची हकिगत समजणार नाही, म्हणून तो येथेच सांगितलेला बरा. हिऱ्याच्या कणांचे चाक काचेला कापत नाही, फोडते. प्रत्येक कण एक सूक्ष्म टवका उडवतो, आणि त्या टवक्याच्या तळाशी केसाहून बारीक भेग काचेच्या पोटात उतरते. त्यानंतरचे, अधिक बारीक कणांचे चाक या भेगांच्या तळापर्यंत काच झिजवते आणि स्वतःच्या उथळ भेगा मागे ठेवते. असे टप्प्याटप्प्याने उतरत गेले म्हणजे अखेरीस पॉलिशने निघेल एवढेच नुकसान शिल्लक राहते. ओरखड्याच्या तळापर्यंत काच झिजली, तर ओरखडा निघाला. परंतु पॉलिश विभागात डांबराच्या थाळीवर पॉलिशच्या गुलाबी पिठीने घोटताना काचेचा वरचा पापुद्रा लोण्यासारखा किंचित सरकतो आणि भेगेचे तोंड मिटते. मग ओरखडा बुजला. दिसायला दोन्ही काचा सारख्याच. सराईत डोळाही फसतो. फरक इतकाच की, दुसऱ्या काचेच्या पोटात भेग जिवंत असते.

ज्या खिडकीमुळे थांबाताईंच्या आयुष्याला वळण लागले, ती एका धरणासाठी होती. धरणाच्या भिंतीची पाण्याखालची बाजू तपासण्यासाठी एक लोखंडी कक्ष तयार केला होता. त्यात एक माणूस बसायचा आणि पोलादी दोराने त्याला भिंतीच्या कडेने खाली सोडायचे. आतली हवा घरातल्यासारखी साधी. बाहेरून पाण्याचा सारा भार. समोर गोल, जाडजूड काच, आणि तिच्यातून छायाचित्रे घ्यायची असल्यामुळे तीही भिंगाच्या प्रतीची.

त्या कक्षात बसणारा माणूस स्वतः काच पाहायला कारखान्यात आला होता. बुटका, रुंद खांद्यांचा, तोंडाला कुलूप नसलेला. पाण्यात उतरून कोरडाच वर येतो म्हणून त्याला कोरडा पाणबुड्या म्हणत.

"ताई," अर्धवट घासलेल्या काचेला नाक लावून तो म्हणाला, "यातून मला मासे दिसतील, की माशांना मी?"

"माशांना तुम्ही दिसलात, तर तुम्हाला मासे दिसणार नाहीत."

"घरीही हेच म्हणतात." मग त्याने काचेवर बोटाच्या पेराने टकटक केले आणि आवाज खाली आणला. "फुटणार तर नाही ना?"

"थांबा. अजून घासायची आहे. घासून झाल्यावर विचारा."

तो पुन्हा विचारायला आला नाही. त्याची कामाची तारीख ठरली होती आणि तयारी धरणावरच चालली होती.

त्याच आठवड्यात कारखान्याचे मोठे साहेब घासणी विभागात फेरी मारायला आले. गुळगुळीतराव झरोक्यापाशी उभे होते. खिडकीचे काम जोखमीचे आहे, ते थांबाताई एकट्याने ओढतात, हे त्यांना सलत होते. त्यांनी आपल्या मऊ आवाजात सांगितले, "साहेब, तिचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. जोडीला कोणी दिलंत तर बरं होईल."

हेतू वाईट नव्हता. परंतु घासणीच्या प्रमुखाबद्दल, सबंध विभागाच्या देखत, तेही नवऱ्याने हे बोलणे म्हणजे गवयाच्या बायकोने भर मैफलीत त्याला सूर लागत नाही म्हणून सांगण्यासारखे होते. थांबाताईंनी चाक बंद केले नाही, मान वर केली नाही, आणि त्या क्षणापासून यजमानांशी बोलणे सोडले.

अबोला हा या दोघांच्या संसारातला जुना पाहुणा होता. अधूनमधून येई, चार दिवस राही आणि न सांगता निघून जाई. या खेपेस तो बिछाना-वळकटी घेऊन आला. घरात तिसरे माणूस एकच, गुळगुळीतरावांच्या आई. ऐंशीच्या घरात, कानाने तल्लख, पायांनी जेमतेम. अबोल्याच्या दिवसांत दोन्हीकडचे निरोप त्याच पोचवीत. मात्र निरोप जसाच्या तसा पोचवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कडू असेल ते गाळायचे आणि अवघड असेल ते सोपे करायचे, हा त्यांचा शिरस्ता. "तिला सांग, चहात साखर टाकायची विसरलीय," असे मुलगा म्हणाला, तर त्या आत जाऊन सांगत, "तो म्हणतोय, आज चहा पथ्याचा झालाय."

खिडकी झरोक्यातून पलीकडे गेली. घोटता घोटता तिचा धुरकटपणा ओसरला, आणि आतल्या बाजूवर, म्हणजे जी बाजू माणसाकडे येणार होती तिच्यावर, तीन लांब ओरखडे उघडे पडले. जाड कणांच्या चाकातला एखादा चुकार कण बारीक चाकाबरोबर फिरला असावा. गुळगुळीतरावांनी घोटणे चालू ठेवले, आणि ओरखडे दिसेनासे झाले. फार लवकर दिसेनासे झाले. जाडीचे माप घेतल्यावर त्यांना कळून चुकले की इतक्या थोड्या झिजेत त्यांचा तळ लागणे शक्य नाही. पुन्हा चाकाला लावावी, तर काच ठरलेल्या जाडीच्या खाली जाणार. म्हणजे ती बाद करायची की कसे, हा निर्णय घासणीच्या प्रमुखाने घ्यायचा होता.

भिंतीपलीकडे जाऊन चार शब्द सांगणे, एवढेच काम होते. पण डोळ्यांची गोष्ट ताजी असताना, सर्वांसमोर "तुझ्या काचेवर ओरखडे होते" म्हणून सांगणे त्यांच्या जिवावर आले. घरी आल्यावर त्यांनी आईला बाजूला घेतले.

"तिला सांग, खिडकीच्या आतल्या बाजूला तीन ओरखडे होते, ते बुजलेत. पुढचं काय ते तिनं ठरवावं."

थांबाताई गच्चीवर कपडे काढत होत्या. सासूबाई कठड्याला धरून जिना चढल्या आणि दम खाऊन म्हणाल्या, "अगं, तो म्हणतोय, त्या खिडकीवर ओरखडे होते, ते गेले. आता तू काय ते बघ."

थांबाताईंच्या कानात "होते" हा शब्द काट्यासारखा रुतला. म्हणजे आपल्या नजरेतून सुटले, हे सांगायला निरोप! म्हणजे डोळ्यांचे बोलणे खरे करून दाखवणे! रागाच्या भरात, आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न विचारायचा त्यांना सुचला नाही. गुळगुळीतराव असा मोघम शब्द वापरणार नाहीत, हेही ध्यानात आले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "बरं, म्हणावं."

खाली निरोप गेला: "बरं म्हणाली."

दुसऱ्या दिवशी थांबाताईंनी खिडकी दिव्यासमोर तिरकी धरून दोन्ही अंगांनी नीट न्याहाळली. काच निर्मळ होती. त्यांनी ती पास केली. गुळगुळीतरावांनी झरोक्यातून ते पाहिले आणि त्यांना मनातून नवल वाटले. बुजलेला ओरखडा ही बाई कधी सोडत नाही. पण सोडला आहे, त्या अर्थी तिने हिशेब केला असणार. विचारायचे कसे? बोलणे नव्हते.

खिडकी धरणावर गेली, कक्षात बसली. रिकामा कक्ष ठरलेल्या खोलीच्याही खाली सोडून वर काढला गेला, आणि काच टिकली. कोरडा पाणबुड्या आत बसून उतरणार तो दिवस साप्ताहिक सुट्टीचा निघाला.

त्या सकाळी जिन्यातल्या भिंतीला रंगारी लागला होता. जुन्या भेगांत तो लांबी भरत होता, आणि सासूबाई उंबरठ्यात वाटाणे सोलत त्याच्यावर देखरेख करीत होत्या. थांबाताई शेजारीच सोललेले वाटाणे निवडत बसल्या होत्या.

"नुसतं वरून बुजवतोय बघ," सासूबाई पुटपुटल्या. "वर्षभरात पुन्हा तोंड उघडेल. तुमच्या त्या काचेसारखंच."

"कुठल्या काचेसारखं?"

"अगं, ती खिडकी. ओरखडे बुजले म्हणून तो सांगत होता ना."

थांबाताईंचा हात वाटाण्यांत तसाच राहिला. "तुम्ही 'गेले' म्हणाला होतात, आई."

"बुजले काय आणि गेले काय, दिसत नाहीत ना? एवढं अवघड कशाला बोलायचं!"

गुळगुळीतराव न्हाणीघरात गळका नळ उघडून बसले होते. दार ढकलले गेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बायकोचा आवाज थेट त्यांच्याकडे आला.

"आईंना काय सांगितलं होतंत? निघाले, की बुजले?"

पान्हा हातात घेऊन ते तिच्याकडे पाहत राहिले. "बुजले."

"मला 'गेले' म्हणून कळलं."

नळाचे पाणी जमिनीवर वाहत होते. ते बंद करायचे दोघांनाही सुचले नाही. मग एकदमच दोघे दाराकडे वळले.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून थांबाताईंनी मोठ्या साहेबांना घरी फोन लावला. साहेबांनी सगळे ऐकून घेतले.

"पण रिकाम्या कक्षाची चाचणी झालीय. काच टिकली."

"साहेब, काच एकदा टिकली म्हणजे पुन्हा टिकेल असं नसतं. पाण्याच्या भारानं ती आत वाकते, केसभरच, पण वाकते. बाहेरची बाजू दाबली जाते, तिचं काही बिघडत नाही. आतली ताणली जाते. ओरखडे आतल्या बाजूला आहेत. आणि चाचणीत आत माणूस नव्हता."

"माणसाचा काय संबंध?"

"माणूस श्वास घेतो. श्वासाची ओल काचेवर बसते आणि भेगेत शिरते. ओल लागली की ताणातली भेग वाढते. आवाज नाही, काही नाही, हळूहळू. आणि मग एकदम."

"तुमची खात्री आहे?"

"खात्री नाही म्हणूनच फोन केला."

"मी धरणाच्या कचेरीत लावून बघतो. तुम्हीही निघा. प्रमुख म्हणून पास तुम्ही केलीय. थांबवा म्हणून सांगायलाही तुम्हीच तिथे हव्यात."

तो फोन ठेवून थांबाताईंनीही लगेच धरणाची कचेरी लावून पाहिली. घंटी वाजत राहिली. सगळी माणसे पाण्यावर गेली असणार.

गुळगुळीतरावांची स्कूटर दोन लाथांत कधी सुरू होत नसे. त्या दिवशी पहिल्या लाथेला सुरू झाली. गाव मागे पडले. मग वाऱ्यावर आवाज चढवून थांबाताई म्हणाल्या, "मी बुजलेला ओरखडा पास करीन, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?"

"तू 'बरं' म्हणालीस!"

"मी 'गेले' ऐकलं होतं!"

"मग 'कुठे गेले' का नाही विचारलंस? साऱ्या जगाला विचारतेस!"

रस्त्याकडेची झाडे मागे पळत होती. थांबाताईंच्या डोळ्यांपुढे पाणबुड्याचे काचेला टेकलेले नाक येत होते, आणि त्या नाकातून निघणारी वाफ.

"तुम्ही इकडे येऊन का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारले, पण या वेळी आवाज उतरलेला होता.

"डोळ्यांचं बोलून एकदा तोंड पोळलं होतं. पुन्हा कोण घालणार हात?"

"आणि एरवी मेलं जिभेला हाड नसतं!"

"समोर बघू दे मला. खड्डे आहेत."

धरणाच्या माथ्यावर यारी उभी होती आणि तिचा दोर ताठ होऊन पाण्यात गेलेला होता. दोराचे रीळ सावकाश फिरत होते. कानाला फोन लावून उभ्या असलेल्या, उन्हाने रापलेल्या एक बाई कामावर देखरेख करीत होत्या. तपासणीच्या अभियंता त्याच. थांबाताई स्कूटर थांबण्याआधीच उतरल्या, अडखळल्या, आणि तशाच पुढे गेल्या.

"मॅडम, माणूस खाली आहे?"

"अर्ध्यावर पोचलाय. तुम्ही कोण? इथे यायला मनाई आहे."

"खिडकी मी घासलीय. पॉलिश यांनी केलीय. काचेवर ओरखडे आहेत, बुजलेले."

"बुजलेले म्हणजे भरलेले ना? मग चांगलंच आहे की."

"भरलेले नाहीत, मॅडम. झाकलेले. खाली भेगा तशाच आहेत."

अभियंता बाईंच्या चेहऱ्यावरचा त्रासिक भाव पुसला गेला. "कुठल्या बाजूला?"

"आतल्या."

त्या बाईंना अधिक समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी हात उंचावला. "दोर थांबवा!"

रीळ करकरून थांबले. बाईंनी फोनमध्ये शांत आवाजात विचारले, "खाली सगळं ठीक?"

फोनला जोडलेल्या कर्ण्यातून पाणबुड्याचा खरखरीत आवाज आला. "मासे म्हणाल तर एक नाही, मॅडम. नुसतं शेवाळ. आणि काचेवर धुकं आलंय, माझ्याच श्वासाचं. पुसून घेतो."

"पुसू नका!" दोन्ही बायका एकदम ओरडल्या.

"का हो?"

"विजेरी घ्या," अभियंता बाई म्हणाल्या. "काचेच्या कडेला तिरपी धरा. हात लावायचा नाही. काय दिसतं ते सांगा."

कर्ण्यातून काही वेळ फक्त श्वास ऐकू येत राहिला. थांबाताईंना तो प्रत्येक श्वास काचेवर जाऊन बसताना दिसत होता. गुळगुळीतराव दोरावर नजर ठेवून उभे होते.

"डावीकडून एक रेघ आलीय," पाणबुड्या म्हणाला. "केस चिकटलाय असं वाटलं होतं. पण केस..." तो अडखळला. "केस काचेच्या आत आहे, मॅडम. सकाळी नव्हता."

"वर घेतेय तुम्हाला. सावकाश. धक्का बसता कामा नये," म्हणत अभियंता बाईंनी यारीवाल्याला हाताने खूण केली. मग, कसे कोण जाणे, फोन थांबाताईंच्या हातात देता देता त्या पाणबुड्याला म्हणाल्या, "यांना विचारा, आता आत काय करायचं ते."

"मी घासणीतली," थांबाताई म्हणाल्या. "ओळखलंत?"

"ताई? तुम्ही इथे?" मग थोडे थांबून, "फुटणार तर नाही ना?"

नाही, असे म्हणणे सोपे होते. आजूबाजूच्या सगळ्यांना तेच ऐकायचे होते.

"सांगता येत नाही," थांबाताई म्हणाल्या. "काचेपासून मागे सरका. पाठ लोखंडाला लावून बसा. तोंड दुसरीकडे करा, श्वास काचेवर जाऊ देऊ नका. जितकं वर याल तितका पाण्याचा भार उतरेल, ताण उतरेल."

"एवढं खरं कशाला सांगता, ताई?"

"मागे खोटं कळलं होतं, म्हणून."

रीळ उलटे फिरू लागले. ओला दोर शेवाळाचे तुकडे घेऊन वर येत होता, आणि यारीवाला जणू हातात दुधाने काठोकाठ भरलेले पातेले असल्यासारखा मूठ फिरवीत होता. एकदा कर्ण्यातून बारीक 'टक्' असा आवाज आला आणि अभियंता बाईंचा हात गळ्याशी गेला. "मी होतो," पाणबुड्या म्हणाला, "विजेरी पडली." पाण्यावर प्रथम बुडबुडे आले, मग गंजलेली कडी, मग कक्षाचे लोखंडी डोके. काच पाण्याबाहेर आली तेव्हा डाव्या कडेपासून निघालेली रेघ सगळ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसली. ती सरळ नव्हती. पुढच्या टोकाशी किंचित वळलेली होती, जणू पुढे कोणीकडे जावे याचा विचार करीत थांबली होती.

झाकण उघडले. पाणबुड्या बाहेर आला, धरणाच्या माथ्यावर खाली बसला आणि अंगातला सदरा पिळण्याजोगा झालेला दाखवत म्हणाला, "आज मात्र भिजलो." मग तो बराच वेळ बोलला नाही, आणि हीच त्याच्या बाबतीत सर्वांना धडकी भरवणारी गोष्ट होती.

खिडकी कारखान्यात परत आणली. अभियंता बाई आणि मोठे साहेब यांच्यासमोर तिची आतली बाजू आम्लाने धुतली. आम्ल वरचा पापुद्रा खाते आणि मिटलेली तोंडे उघडते. दिसत होती ती रेघ रुंद झाली, आणि तिच्या शेजारी आणखी दोन, आतापर्यंत कोणालाच न दिसलेल्या, हळूहळू वर आल्या. त्या दोन्ही मूळ ओरखड्यांच्या पूर्ण लांबीच्या होत्या.

"किती दिवस टिकली असती?" साहेबांनी विचारले.

"वर्षभर. किंवा आम्ही थांबवलं नसतं तर दुपारपर्यंत," अभियंता बाई म्हणाल्या. "हे गणित मला येतं, आणि मला येतं म्हणूनच सांगते, उत्तर नाही."

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. पती-पत्नी शेजारी शेजारी उभी होती. ओरखडे पाहिले केव्हा, कळवले केव्हा, पास केली कोणी, हे सगळे बिनचूक सांगून झाले. मग साहेबांनी मान वर केली.

"एका भिंतीच्या अंतरावर असून तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला का नाहीत?"

थांबाताईंच्या कानशिलांना ऊब आली. "आमचं बोलणं नव्हतं, साहेब."

"म्हणजे?"

"अबोला होता," गुळगुळीतराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात प्रथमच मऊपणाचा लवलेश नव्हता.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हसावे की संतापावे हे त्यांना ठरवता येईना. "मग निरोप कोणी आणला? शब्द मधे बदलला कोणी?"

गुळगुळीतरावांनी तोंड उघडले, पण थांबाताई आधी बोलल्या. "निरोप आला, तो अपुरा होता. पुन्हा विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही. ती चूक प्रमुखाची."

"मी विचारतोय, आणला कोणी?"

दोघांपैकी कोणीही उत्तर दिले नाही. साहेबांनी त्यांना बराच वेळ उभे ठेवले, आणि अखेर जायला सांगितले.

घासणीचे प्रमुखपद त्याच महिन्यात थांबाताईंकडून काढून, त्यांनीच शिकवलेल्या एका कारागिरीणीकडे दिले गेले. त्यांनी तक्रार केली नाही, आणि पुढे जागा रिकामी झाली तेव्हा अर्जही केला नाही. डोळे तपासून घेतले, चष्मा लागला. त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही, आणि हा एक अबोला मात्र शहाणपणाचा होता. धरणाची दुसरी खिडकी थांबाताईंनीच घासली, गुळगुळीतरावांनीच घोटली, आणि प्रत्येक टप्प्याला ते स्वतः भिंतीला वळसा घालून अलीकडे येत. विभागातली माणसे सांगत की त्या दिवसांत दोघे इतके बोलत की काम करणाऱ्यांचे डोके उठे.

सासूबाईंना यातले काहीही कळू दिले नाही. त्यांची समजूत वेगळीच झाली होती. शेजारीण भेटली की त्या मोठ्या अभिमानाने सांगत, "अहो, दोघं तोंडं फिरवून बसली होती नुसती. शेवटी मीच त्या भिंतीच्या भेगांवरून काहीतरी बोलले, आणि बघते तर काय, नळ वाहता टाकून दोघं स्कूटरवर बसून फिरायला! माझ्यामुळे बोलायला लागली बरं का." थांबाताई आत काम करीत हे ऐकत. एकदा गुळगुळीतराव काही सांगायला पुढे झाले, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याची बाही ओढून त्यांना मागे घेतले. सासूबाई त्याच समाधानात गेल्या.

पाणबुड्याने धरणाचे काम नव्या खिडकीतून पूर्ण केले. थांबाताई निवृत्त झाल्या त्या साध्या घासणीकार म्हणून. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन पुन्हा एकदा विचारले, आता तरी सांगा, मधला माणूस कोण? थांबाताईंनी नमस्कार केला आणि प्रकृतीची काळजी घ्या म्हणून सांगितले. साहेबांना ते उत्तर अखेरपर्यंत मिळाले नाही.